ताप, भूक आणि उंची : पेशींच्या संदेशांची कहाणी

निवासी शाळेत मुलांची उंची व वजन वेळोवेळी नोंदवहीत लिहिले जाते. एखाद्या मुलाची उंची रेंगाळलेली दिसली आणि पालकांशी बोलणे काढले, की बहुधा एकच उत्तर मिळते : "सर, आमच्या घराण्यातच उंची नाही." आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरेच. परंतु वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे असते. आमचा विषय इतिहास. तरीही या प्रश्नाने आम्हांला जीवशास्त्राच्या दारात नेऊन उभे केले.

शरीरात जंतू शिरला की त्याला गाठणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला केवळ गिळून थांबत नाहीत. त्या काही सूक्ष्म प्रथिने बाहेर सोडतात. या प्रथिनांचे मुख्य काम जंतूला मारणे नसून इतर पेशींना वर्दी देणे हे आहे. १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी अशा एका द्रव्याचा शोध लावला आणि त्याला 'इंटरफेरॉन' म्हटले. विषाणूने ग्रासलेल्या पेशी ते सोडतात आणि शेजारच्या निरोगी पेशी सावध होतात. पुढे १९७४ साली स्टॅन्ली कोहेन यांनी या सर्व कुळाला 'सायटोकाइन' हे नाव दिले. आपल्या कहाणीतील प्रमुख पात्र आहे 'इंटरल्युकिन-६'. त्याचे जनुक १९८६ साली जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो यांच्या चमूने वेगळे केले.

हा निरोप पेशीला कळतो कसा? प्रथिन पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या आवरणावर त्याच्यासाठीच घडलेले ग्राहक-रेणू असतात, त्यांना ते चिकटते. ग्राहकाच्या आतल्या टोकाशी 'जॅक' नावाची विकरे बसलेली असतात. ती जागी होतात आणि 'स्टॅट' नावाच्या प्रथिनांना फॉस्फेटची खूण लावतात. खूण लागलेली स्टॅट जोडीने पेशीकेंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुके चालू करतात. त्या जनुकांत एक जनुक लगामाचेही असते. त्यातून 'सॉक्स' नावाची प्रथिने तयार होतात व तीच जॅकला आवर घालतात. निरोप अखंड वाजत राहू नये, यासाठी ही योजना आहे. हा लगाम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

इंटरल्युकिन-६ व त्याचे सोबती रक्तातून सर्वदूर जातात. मेंदूतील तापमानाचे केंद्र ताप चढवते, भूक मंदावते. आजारी मूल ताट सरकवते तेव्हा तो हट्ट नसतो, हे आयांना सांगायला हवे. यकृत 'हेप्सिडिन' नावाचे संप्रेरक सोडते व त्यामुळे लोह साठ्यांतच अडकून पडते. जंतूंना लोह मिळू नये, हा त्यातला हेतू असावा. चार दिवसांच्या आजारात हे सारे उपकारकच आहे. मात्र महिनोन्‌महिने चालले, तर अन्नात लोह असूनही रक्त कमी पडू लागते.

आता उंची. पिट्युटरी ग्रंथीतून निघणारे वाढीचे संप्रेरक यकृताला 'आयजीएफ-१' हे द्रव्य तयार करायला सांगते आणि त्याच्या बळावर हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्ट्यांतील पेशी वाढतात. गंमत अशी, की या संप्रेरकाचा निरोपही जॅक व स्टॅट यांच्याच वाटेने जातो. त्यामुळे जंतुसंसर्गाच्या निरोपासाठी ओढलेला लगाम वाढीच्या निरोपालाही बसतो. १९९७ साली इटलीतील संशोधकांनी जन्मापासून रक्तात इंटरल्युकिन-६ भरपूर असलेले उंदीर अभ्यासले. ते आपल्या भावंडांच्या ५० ते ७० टक्केच आकाराचे झाले. त्यांच्या रक्तातील वाढीचे संप्रेरक नेहमीइतकेच होते. उणावले होते ते आयजीएफ-१. निरोपाची वाट अडवणारे औषध दिल्यावर वाढ अंशतः सुधारली.

घराण्याला दोष देण्याआधी हे सारे विचारात घ्यावे लागते. जातीच्या बंदिस्तपणामुळे वंश सुदृढ राहतो, असा दावा एके काळी गंभीरपणे केला जाई. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्याचा समाचार घेतला आहे. खुजेपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला म्हणून तो रक्तातलाच, हे अनुमान घाईचे आहे. गढूळ पाणी, कोंदट खोली आणि अर्धपोटी राहणेही पिढ्यान्‌पिढ्या चालत येते.

दिलासा असा, की संसर्ग आटोक्यात आला आणि पोटभर सकस अन्न मिळाले, तर मूल मागे पडलेली उंची बरीच भरून काढू शकते. परंतु वयात येण्याच्या अखेरीस वाढीच्या पट्ट्या मिटतात आणि ही मुभा संपते. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलाची उंची सामान्यतः वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. चारपेक्षा कमी वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. सोबत दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप किंवा घटणारे वजन असेल, तर क्षयाची तपासणी लांबवू नये; सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. पालकांनी मुलाच्या उंचीची तारीखवार नोंद घरीही ठेवावी आणि तपासणीला जाताना ती बरोबर न्यावी.