चौकट निवडावी पाठीकडून

चतुर्थीआधी घराला रंग काढायचा म्हणून तसबिरी खाली उतरतात, तेव्हा कुठे त्यांची पाठ आपल्याला दिसते. पेडणे-डिचोलीतल्या जुन्या घरांत ती बहुधा अशी असते: मागे लाकडी फळी, कडेने गंजलेल्या चुका, फटींवर डकवलेलं वर्तमानपत्र. फळी काढली की कागदावर तिच्याच सांध्यांचे आणि गाठींचे तपकिरी डाग उमटलेले सापडतात. लाकडातलं आम्ल दमट हवेत हळूहळू कागदात उतरतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे चौकट निवडताना आधी तिच्या पाठीचा विचार करावा, पट्टीचा नंतर, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या घरांतली राजा रविवर्मा यांची चित्रंच पाहा. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड, अशी ती शिळाछपाई. शेवटी वरून वॉर्निशचा हात. पावसाळ्यात हे वॉर्निश काचेला धरतं आणि काच ओढून काढली की लक्ष्मीच्या गालाचा रंग तिच्याबरोबर निघून येतो. काही तसबिरींत घरातल्या बायकांनी देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. त्या तर काचेखाली दबायलाच नकोत. अशा चित्राला खोल चौकट घ्यावी आणि काच व कागद यांच्यामध्ये माउंट किंवा बारीक पट्टी घालून मोकळी जागा ठेवावी. माउंट नुसता शोभेचा नसतो, तो याच कामाचा. तो आम्लमुक्त पुठ्ठ्याचा मागून घ्यावा. कडेने पाच ते आठ सेंटिमीटर, खाली थोडा जास्त.

चित्र पुठ्ठ्यावर सगळीकडून चिकटवू देऊ नका. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. त्याला हलायला जागा नसली तर लाटा येतात. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरे. सेलोटेप तर नकोच, तिचा पिवळा डाग जन्मभर जात नाही.

मोरजीला मोरजाईच्या देवळात कावी चित्रं आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा रंग देऊन तो कोरून काढलेला. ते चित्र भिंतीचंच अंग, त्याला चौकट लागत नाही. कागदाच्या चित्राला मात्र चिऱ्याच्या ओलसर भिंतीपासून दूर ठेवावं लागतं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, मागून वारा खेळेल. बाहेरच्या, पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी. मांद्रे-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी तार टिकत नाही, स्टेनलेस स्टीलची घ्या. डिचोलीत खाणपट्ट्याजवळ राहत असाल तर लाल धूळ आत शिरू नये म्हणून पाठीच्या फटी कागदी पट्टीने नीट बंद करून घ्या.

आता पट्टी. सागवानाची असेल तर उत्तम, वाळवी तिच्या वाटेला सहसा जात नाही. रंग चित्रातल्या एखाद्या गडद छटेशी जुळावा, भिंतीशी नव्हे, कारण भिंत दर दोन-चार वर्षांनी बदलते. भडक चित्राला साधी पट्टी शोभते. गोव्यात जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं कापून ज्यांनी जपली आहेत, त्यांनी ती नक्षीदार सोनेरी चौकटीत कोंबू नयेत. दलालांची रेषाच इतकी डौलदार की अरुंद काळी पट्टी पुरते. मुखपृष्ठांचा कागद उन्हाने लवकर पिवळा पडतो, म्हणून खिडकीसमोर लावू नये. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच नको, पण पाठीला हवेशीर आधार हवा.

चौकट बसवण्याचं काम पावसाळ्यात करून घेऊ नये, ओल आत कोंडली जाते. दिवाळी ते शिगमो हा काळ चांगला. चित्र दोन दिवस सावलीत वाळू द्या, मगच दुकानात न्या, आणि पाठ बंद करताना स्वतः हजर राहा. जुनी सागवानी चौकट सुटली असेल तर तिचे कोपरे सुताराकडून बसवून घ्या. फळी तेवढी बदला.