लखनौला चिनहटकडून जाताना

एम. ए.साठी लखनौला गेले तेव्हा खोली मिळाली ती चिनहटला. शहराच्या पूर्वेला, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर. साताऱ्याहून आईने फोनवर विचारलं, "इमामबाडा दिसतो का गं खोलीतून?" खिडकीतून दिसत होत्या पाण्याच्या टाक्या, अर्धवट बांधलेले मजले आणि खाली ई-रिक्षांची रांग. पहिले दोन दिवस वाटत राहिलं, आपण लखनौला पोचलोच नाही, वेशीबाहेरच उतरलो.

तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी चहा दिला तो एका जाडजूड मगातून. दुधी पांढऱ्या झिलईवर हिरवी-तपकिरी नक्षी. बुडाला झिलई नव्हती, तिथे भाजलेली माती बोटाला खरखरीत लागत होती. "ये यहीं का है बिटिया, चिनहट का," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला अभिमान ऐकून मी मग उलटापालटा करून पाहिला. १९५०च्या दशकात सरकारी प्रयत्नातून इथे झिलईच्या भांड्यांचा धंदा उभा राहिला. नुसती भाजलेली माती पाणी शोषते. झिलई भट्टीत वितळते आणि मातीवर काचेसारखी घट्ट बसते, म्हणून अशा भांड्यात चहा झिरपत नाही. एके काळी चिनहटचं नाव या भांड्यांमुळे दूरवर पोचलं होतं. आता बऱ्याच भट्ट्या विझल्या आहेत. मगाच्या कानाजवळ कारागिराच्या बोटाचा ठसा झिलईखाली तसाच राहिला होता, आणि मला या गावाची पहिली ओळख झाली ती त्या ठशातून.

दुसरी ओळख वाचनालयात झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत १८५७ म्हणजे मेरठ, कानपूर, झाशी, नानासाहेब, तात्या टोपे. चिनहट मला कधी भेटलं नव्हतं. आणि इथे तर पुस्तकाच्या पानावर माझ्याच बसथांब्याचं नाव!

३० जून १८५७. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने अवध खालसा करून वाजिद अली शाहांना गादीवरून दूर केलं होतं, ते कलकत्त्याला होते. लखनौचा कारभार हेन्री लॉरेन्सकडे. बंडवाल्यांची आघाडीची तुकडी चिनहटला आली आहे अशी खबर लागली, म्हणून तो सहा-सातशे माणसं आणि हत्तीने ओढायची एक मोठी तोफ घेऊन निघाला. समोर निघालं काही हजारांचं, नीट रचना केलेलं सैन्य. त्याचं नेतृत्व बरकत अहमद या घोडदळातल्या अधिकाऱ्याकडे होतं. गोरे शिपाई न्याहारीवाचून निघालेले, वर जूनचं ऊन. शेजारच्या इस्माईलगंज गावाचा आडोसा घेऊन बंडवाल्यांनी गोळ्यांचा मारा सुरू केला तेव्हा लॉरेन्सची फळी फुटली. पखाली वाहणारे भिस्ती निघून गेले, मोठी तोफ तिथेच राहिली. लॉरेन्सचे शंभराहून अधिक गोरे सैनिक मेले. उघड्या मैदानात, कवायती शिस्तीने मिळवलेला हा विजय आहे. तो आपल्याकडे इतका कमी सांगितला जातो याची मला अजून खंत वाटते.

लॉरेन्स ज्या वाटेने पळाला त्याच वाटेने आपण लखनौत शिरायचं, असं मी ठरवून टाकलं. रविवारी पहाटे पाच वाजता पायी निघाले. मटियारी, कमता, पॉलिटेक्निक चौराहा. डाव्या हाताला चहाच्या टपऱ्या उघडत होत्या, खस्त्याच्या कढया तापत होत्या. इस्माईलगंज आता घरांच्या गर्दीत विरघळून गेलंय. पुढे कुकरैल. गोमतीला मिळणारा हा ओढा. त्याच्या पुलावर विजयी सैन्याचे घोडेस्वार पळणाऱ्यांची वाट अडवून उभे होते. लॉरेन्सच्या मूठभर घोडेस्वारांनी चाल करून ती मोकळी केली, नाहीतर फार थोडे परतले असते. मी कठड्याशी थांबले. खाली काळपट पाणी होतं. याच ओढ्याकाठची अकबरनगरची हजाराहून जास्त बांधकामं २०२४च्या जूनमध्ये पाडली गेली. युद्धाची नोंद पुस्तकात मिळते, उठवलेल्या वस्तीची नोंद कोण आणि कुठे ठेवतं, हा विचार पाय दुखेपर्यंत सोबत राहिला.

गोमती ओलांडून रेसिडेन्सीत, इंग्रजांच्या त्या वेळच्या ठाण्यात, पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. चिनहटच्या पराभवानंतर इंग्रज इथे कोंडले गेले. पहिली कुमक पोचली ती २५ सप्टेंबरला, म्हणजे ८७ दिवसांनी, आणि कोंडलेल्यांची सुटका झाली ती नोव्हेंबरात. आत सुमारे तीन हजार माणसं होती, त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणारे शेकडो हिंदी शिपाईसुद्धा. लॉरेन्सच्या खोलीत एक तोफगोळा येऊन फुटला, तरी त्याने खोली बदलली नाही. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, त्याच खोलीत दुसरा गोळा आला. ४ जुलैला लॉरेन्स गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाजिद अली शाह आणि बेगम हजरत महल यांच्या मुलाला, बिरजिस कद्रला, अवधच्या गादीवर बसवलं गेलं.

भिंती पडक्याच ठेवल्यात. लखौरी विटा बोटभर जाडीच्या, आपल्या विटांपुढे अगदी पातळ. एका भगदाडात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आत चुना अजून पांढरा होता. ला मार्टिनियर शाळेची साठहून अधिक मुलं या वेढ्यात होती. दळण दळायची, निरोप पोचवायची. माझ्याहून लहान, घरापासून दूर, परक्या शहरात. कोणत्या बाजूची होती हा प्रश्न तिथे उभं राहून मला विचारावासाच वाटला नाही.

दुपारी कैसरबागेत गेले. तिथल्या परीखान्यात विष्णु नारायण भातखंड्यांचं संगीत विद्यापीठ आहे. वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलाने उभ्या हिंदुस्थानात फिरून चिजा गोळा केल्या आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू करून दिलं. नाव गव्हर्नरचं, पण अभ्यासक्रम भातखंड्यांचा. श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. वाईला जन्मलेले व्ही. जी. जोग इथे व्हायोलिन शिकवायचे. त्यांच्याकडे शिकायला सिलोनहून डब्ल्यू. डी. अमरदेव आले, पुढे ते श्रीलंकेचे सर्वांत मानाचे गायक-संगीतकार झाले. समुद्रापलीकडचा एक विद्यार्थी आणि माझ्याच जिल्ह्यातले गुरुजी, भेटले ते लखनौत. पहिल्या दिवसांत अमरदेवांना इथली बोली समजत असेल का? जोगांनी पहिला सूर कुठल्या भाषेत समजावला असेल? फाटकाशी उभी राहून बराच वेळ ऐकत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी एकच तान पुन्हापुन्हा घोटत होतं, दरवेळी त्याच जागी अडकत होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. इमामबाडा राहिलाच, म्हटलं, पुढच्या रविवारी. मग काय पाहिलंस, तिने विचारलं. मी कुकरैलपासून सांगायला लागले आणि तेवढ्यात ऑटोवाल्याने हाक दिली, "पॉलिटेक्निक, कमता, मटियारी, चिनहट!" सकाळी पायाखालून गेलेली सगळी नावं, उलट्या क्रमाने. मी आईला म्हटलं, थांब, घरी पोचून सांगते, आणि आत सरकून बसले.