बाळाच्या छातीत गाठ दिसली, म्हणजे कॅन्सर नव्हे

सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्या छातीत गाठ दिसली की घरात रडारड सुरू होते. गाठ म्हणजे कॅन्सर, असे आपण धरूनच चालतो. पण गर्भाच्या छातीत दिसणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. फुफ्फुसाचा एखादा भाग घडतानाच बिघडतो आणि त्यात लहानमोठ्या पिशव्या तयार होतात. डॉक्टर त्याला ‘सीपॅम’ म्हणतात. ग्रहणात भाजी चिरल्याने असे होत नाही. सुनेला बोल लावू नका.

बाळ पोटात गुदमरेल, ही भीतीही चुकीची. पोटात असताना बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो, फुफ्फुसातून नाही. धोका असतो तो हृदयाला. मोठी गाठ हृदय दाबते, रक्त परतायला अडते आणि बाळाच्या अंगात पाणी साठू लागते. म्हणून गाठीचे माप बाळाच्या डोक्याच्या घेराशी ताडून पाहतात. ते गुणोत्तर १.६ च्या वर गेले, तर फार जवळून लक्ष ठेवावे लागते. बऱ्याच गाठी २६ ते २८ आठवड्यांपर्यंत वाढतात आणि मग थांबतात. पाणी साठू लागले तरी सगळे संपत नाही. बारीक पिशव्यांची गाठ असेल तर आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मोठी पिशवी असेल तर बारीक नळी घालून तिच्यातल्या पाण्याला वाट करून देतात.

सर्वांत फसवा समज म्हणजे ‘गाठ विरघळली’. शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफीत गाठ आणि भोवतालचे फुफ्फुस सारखेच दिसू लागते आणि गाठ त्यात लपते. जन्मानंतर बाळ हसते-खेळते असते, एक्स-रेही कधी चांगला येतो. सीटी स्कॅनमध्ये मात्र गाठ बहुतेक वेळा सापडते. ती तशीच राहिली तर पुढे वारंवार न्यूमोनिया होऊ शकतो. क्वचित कॅन्सरची गाठही अगदी अशीच दिसते, म्हणून हा स्कॅन टाळू नये.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातील घरांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची. बाळंतपण कुठे करायचे, हे कळा सुरू होण्याआधी ठरवा. मोठी गाठ असेल तर घाट ओलांडून नाशिकला किंवा मुंबईला, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग असेल तिथे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, तपासण्या आणि नेण्याआणण्याची गाडी जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जाणार असाल, तर गावच्या आशाताईंना सांगून जा आणि तपासण्यांची फाइल सोबत न्या.