गाडीच्या रंगावरची फिल्म : लावाल तर जपा

नवी गाडी घेताना हल्ली शोरूममध्ये हमखास सांगतात, "पीपीएफ लावून घ्या, रंगाची काळजीच मिटली!" पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. डोक्यावर कर्जाचे हप्ते असलेल्या कुटुंबाने हा निर्णय डोळसपणे घ्यावा, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

ही फिल्म मूळची लष्करातली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी झिजत. ती वाचवण्यासाठी अशी फिल्म वापरली गेली. आजची चांगली फिल्म पॉलियुरेथेनची असते, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. उडालेल्या खडीचा मार ती स्वतः सोसते. बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात, खोल चिरा मात्र भरत नाहीत. स्वस्त पीव्हीसीची फिल्म लवकर पिवळी पडते. म्हणून माल कोणता, हे आधी विचारावे.

चांगली फिल्म ५ ते १० वर्षे टिकते, पण निगा राखली तरच. लावल्यावर पहिला आठवडाभर गाडी धुऊ नये. पुढे दर एक-दोन आठवड्यांनी सावलीत, सौम्य कार शाम्पूने धुवावी. कपडे-भांड्यांची पावडर, रॉकेल, थिनर वर्ज्य. पक्ष्यांची विष्ठा, चिकटलेले किडे, झाडाचा चीक त्याच दिवशी ओल्या मऊ कापडाने भिजवून काढावा, खरवडू नये. बोअरचे पाणी गाडीवर वाळू दिले की पांढरे डाग पडतात, तेव्हा लगेच पुसून घ्यावे. प्रेशरच्या पाण्याचा फवारा कडांवर जवळून मारला तर फिल्म तिथूनच सुटते.

वॉरंटीचा कागद नीट वाचावा. ती बहुधा पिवळेपणा, तडे आणि सुटणे यांपुरतीच असते. खडीने फाटलेला तुकडा पदरच्या पैशानेच बदलावा लागतो. मुदत संपलेली फिल्म वर्षानुवर्षे तशीच ठेवू नये. कडक झाली की ती तुकड्या-तुकड्याने निघते आणि डिंक मागे राहतो. ती उष्णता देऊन, जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावी. गाडीला पूर्वी बाहेर रंग मारलेला असेल तर फिल्मबरोबर रंगही निघू शकतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सगळ्या गाडीला फिल्म लावणे परवडत नसेल तर बोनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढेच झाकावेत. खडीचा मार तिथेच जास्त बसतो. आणि गाडी शहरातल्या शहरातच फिरणार असेल, तर स्वच्छ बादली, मऊ कापड आणि आठवड्यातला अर्धा तास एवढ्यावरही रंग बरीच वर्षे चांगला राहतो, असे आमचे मत आहे.