दंतचिकित्सेतील सजग शमन

दंतचिकित्सेच्या संदर्भात ‘भूल’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. हिरडीत सुई टोचून दाढेभोवतीचा भाग बधिर केला तरी ती भूल, आणि रुग्णास शस्त्रक्रियागृहात नेऊन पूर्ण बेशुद्ध केले तरी तीही भूलच. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे. तीत रुग्ण जागा असतो, विचारलेल्या प्रश्नास उत्तर देतो, सांगितले असता तोंड उघडतो. मात्र त्याच्या मनातील धास्ती ओसरलेली असते. या अवस्थेस प्रस्तुत लेखात ‘सजग शमन’ असे म्हटले आहे. शब्द काहीसा कृत्रिम वाटेल, परंतु पुढील सर्व विवेचन त्यातील ‘सजग’ या विशेषणावरच अवलंबून आहे.

वेदना आणि भय या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांपैकी वेदनेचा प्रश्न दंतवैद्यकाने बव्हंशी सोडविला आहे. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनचा बधिरीकरणाचा गुण डोळ्यावर दाखवून दिला; १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लॉफग्रेन याने लिडोकेन सिद्ध केले, आणि आजही दंतवैद्याच्या पिचकारीत बहुधा तेच असते. तरीही सुई पाहताच ज्याचे हातपाय गार पडतात असा रुग्ण शिल्लक राहतोच. तो उपचार टाळतो, कीड दातांच्या मुळाशी पोहोचते, आणि जे काम एका बैठकीत झाले असते त्यासाठी अखेर दात काढण्याची पाळी येते. शमन हवे ते अशा रुग्णासाठी. ते बधिरीकरणाची जागा घेत नाही. रुग्ण शांत दिसतो म्हणून लिडोकेनमध्ये काटकसर करणे ही गंभीर चूक होय, कारण शामक औषधांपैकी बहुतेकांना वेदनाहरणाचा गुण मुळीच नसतो.

या शास्त्राचा आरंभ दंतवैद्यानेच केला. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कोल्टन याने नायट्रस ऑक्साइडचे जाहीर प्रयोग दाखविले. वायू हुंगलेल्या एका इसमाच्या पायास जखम झाली, पण त्याला तिची जाणीव नव्हती, हे होरेस वेल्स या दंतवैद्याच्या नजरेतून सुटले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने तोच वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. दंतवैद्यकास या वारशाचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु वारशाची दुसरी बाजू तितकीशी उजळ नाही. नायट्रस ऑक्साइड हे दुर्बल संवेदनाहारक आहे. सामान्य वायुदाबाखाली केवळ त्याच्या जोरावर गाढ बेशुद्धी आणता येत नाही. जुन्या काळी तो निर्भेळ दिला जाई. म्हणजे रुग्ण जो बेशुद्ध पडे त्यात वायूइतकाच प्राणवायूच्या अभावाचाही वाटा असे. त्यात प्राणवायू मिसळावा ही सूचना शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज याने १८६८ मध्ये केली.

पुढे औषधे बदलली, परंतु खुर्चीतच रुग्णास बेशुद्ध करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिली. तीत निरोगी मुलेही दगावली. १९९० मध्ये पॉसविलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीव्र इशारा दिला, आणि ३१ डिसेंबर २००१ नंतर दंतोपचारांसाठी संपूर्ण भूल केवळ रुग्णालयातच देता येईल असे तेथे ठरले. कारण उघड आहे. इतर शस्त्रक्रियांत शल्यकर्म एका जागी आणि श्वास दुसऱ्या जागी चालतो. दंतवैद्याचे कार्यक्षेत्र हाच रुग्णाचा श्वसनमार्ग. तेथे पाण्याचे फवारे उडतात, रक्त साचते, कापसाचे बोळे असतात. घशाखाली काही उतरू लागताच खोकून ते बाहेर टाकणारा जागा रुग्ण हाच स्वतःचा उत्तम रक्षक ठरतो. म्हणून रुग्ण उत्तर देईनासा झाला की शमन ‘चांगले लागले’ असे न समजता मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

ही मर्यादा पाळणे कोणत्या मार्गाने सुकर होते, हा खरा निवडीचा प्रश्न. औषध किती प्रबळ आहे यापेक्षा दिलेली मात्रा क्षणोक्षणी कमीअधिक करता येते की नाही, हा निकष मला अधिक ग्राह्य वाटतो.

या निकषावर नायट्रस ऑक्साइड पहिले येते. ते रक्तात अत्यल्प विरघळते. त्याचा रक्त-वायू विभाजन गुणांक केवळ ०.४७ आहे. त्यामुळे परिणाम काही मिनिटांतच जाणवतो आणि वायू बंद करताच तितक्याच त्वरेने ओसरतो. नाकावरील मुखवट्यातून प्रथम शुद्ध प्राणवायू देऊन वायूचे प्रमाण हळूहळू वाढवितात. बहुधा ३० ते ५० टक्क्यांत काम भागते. दंतोपचारासाठीच्या आधुनिक यंत्रांत प्राणवायूचे प्रमाण ३० टक्क्यांखाली जाऊच शकत नाही. अखेरीस सुमारे पाच मिनिटे पुन्हा शुद्ध प्राणवायू देतात. नाक चोंदलेल्या अथवा मुखवट्यासच भिणाऱ्या रुग्णास मात्र याचा उपयोग नाही, आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरलेला असल्यास तो कटाक्षाने वर्ज्य. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा वायू ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते निष्क्रिय करतो. निरोगी माणसास अल्पकाळाच्या एखाद्या बैठकीने बाध येत नाही. पण शाकाहारी भारतीयांत या जीवनसत्त्वाची न्यूनता पुष्कळ आढळते. तेव्हा हातापायांस मुंग्या येतात काय, हा साधा प्रश्न आधी विचारणे इष्ट.

सर्वांत निरुपद्रवी वाटते ती गोळी. वस्तुतः नियंत्रणास सर्वांत अवघड तीच. पोटातून औषध किती आणि केव्हा शोषले जाईल हे प्रत्येकाचे निराळे. अर्ध्या तासात परिणाम दिसला नाही म्हणून दुसरी मात्रा द्यावी, आणि दोन्ही एकदम चढाव्यात, असे घडू शकते. डायझेपामचा अंमल तर त्याच्या चयापचयातून निर्माण होणाऱ्या सक्रिय द्रव्यामुळे दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. आदल्या रात्री झोप यावी म्हणून अल्प मात्रा देणे वेगळे, आणि लहान मुलास पातळ औषध पाजून खुर्चीत बसविणे वेगळे.

शिरेतून दिलेले मिडाझोलाम या दोहोंच्या मधले. ते थोडे थोडे देऊन, थांबून, रुग्णाशी बोलत मात्रा ठरविता येते. वृद्धांत तर अधिकच सावकाश. त्यानंतरच्या घटनांची स्मृती ते पुसट करते, हा भित्र्या रुग्णास मोठाच लाभ. परंतु एकदा टोचलेले औषध परत घेता येत नाही, आणि अफूवर्गीय औषधांची जोड मिळाल्यास श्वसन मंदावण्याचा धोका बराच वाढतो. रुग्णास आपणहून तोंड उघडे ठेवता येते की नाही, ही गुंगीच्या खोलीची चांगली खूण आहे. जबड्यात आधार अडकविला की ती खूण नाहीशी होते. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे यंत्र आवश्यकच; तथापि नाकाने प्राणवायू चालू असता श्वास मंदावल्याची वर्दी ते उशिरा देते, म्हणून छातीच्या हालचालीकडे पाहणारा एक स्वतंत्र सहायक हवाच. फ्लुमाझेनिल हे उतारा म्हणून हाताशी ठेवतात. त्याचा प्रभाव मात्र मिडाझोलामपेक्षा लवकर सरतो आणि जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगू शकतो. उतारा दिलेल्या रुग्णास म्हणूनच नेहमीपेक्षा अधिक वेळ थांबवून घ्यावे, आणि सोबत जबाबदार माणूस असल्याशिवाय घरी धाडू नये.