परदेशी वास्तव्य आणि घरची कागदपत्रे

नाताळ जवळ येऊ लागला की धर्मग्राम कार्यालयाबाहेरील बाकावर एका विशिष्ट प्रकारचे पाहुणे दिसू लागतात. हाती कागदांनी फुगलेली पिशवी, खिशात परतीचे तिकीट आणि मनात तीन आठवड्यांच्या रजेचा हिशेब. कुवेत, दोहा, दुबई, मस्कत किंवा थेट कॅनडात वीस-पंचवीस वर्षे राहिलेले हे आपलेच बांधव. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, बँकेचे केवायसी, मुलीच्या लग्नाची बोलणी आणि दिवंगत वडिलांच्या नावे राहून गेलेला सातबारा, हे सर्व त्यांना या रजेत उरकायचे असते. आमच्याकडे ते येतात ते स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी. पण खुर्चीवर टेकले की बाकीचेही बोलू लागतात. आम्ही वकील नाही हे त्यांना आधीच सांगून टाकतो. तरीही इतकी वर्षे ऐकून आणि जाणकारांना विचारून जे कळले ते वाचकांपुढे मांडीत आहोत.

भिवंडीजवळील राहनाळ येथील एका कुटुंबाची हकिकत यासाठी उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. थोरला मुलगा बावीस वर्षे कुवेतमध्ये, धाकटा कॅनडाचा नागरिक झालेला, आणि विवाहित बहीण गावातच, आईची देखभाल करणारी. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे राहिली थोडी शेतजमीन. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिल्यापासून येथे गुंठ्यागुंठ्याला मोल आले आहे. थोरला आला तो दोन कामे घेऊन: सातबारावर वारसांची नावे लावणे आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणे. दुसरे काम त्याला केवळ औपचारिक वाटत होते.

पहिली अडचण नावाची. आपल्या समाजात ती घरोघरी आहे. घरात इनास म्हणून हाक मारलेला मुलगा शाळेत इग्नेशियस होतो. बस्त्याव पासपोर्टवर सेबास्टियन, पेद्रू पीटर आणि जुझे जोसेफ होतो. जुन्या स्नानसंस्कार नोंदवह्यांत तर नावे लॅटिन वा पोर्तुगीज वळणाची. सातबारावर घरचे नाव, मृत्यूच्या दाखल्यावर शाळेचे, आणि आडनाव कुठे आहे तर कुठे नाही. तलाठ्यापुढे हे दोन वेगळे इसम ठरतात. मृत व्यक्तीच्या बाबतीत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र सर्व वारसांनी मिळून करावे लागते व त्यासोबत जुने पुरावे जोडावे लागतात. हयात व्यक्तीला महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेता येतो. आडनाव नसलेला पासपोर्ट ही आणखी एक डोकेदुखी: संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यटन व भेटीच्या व्हिसासाठी एकच नाव असलेले पासपोर्ट स्वीकारणे थांबविले, तेव्हा अनेकांना तिकिटे रद्द करावी लागली.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. ‘फादर, दाखल्यावर पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग टाकून द्या’ अशी विनंती दरवर्षी होते आणि दरवर्षी आम्ही ती नाकारतो. दाखला ही नोंदवहीची नक्कल असते. नोंदवहीत जे आहे तेच त्यावर येणार. उद्या कोणी मूळ नोंद तपासली तर अडचणीत येईल तो दाखला घेणाराच. शिवाय स्नानसंस्काराचा दाखला हा जन्मदाखल्याचा पर्याय नव्हे. घरी जन्मलेल्या आणि ग्रामपंचायतीत नोंद न झालेल्या ज्येष्ठांना तो पुरावा म्हणून जोडता येतो, परंतु एका वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करण्याचा आदेश, २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारीच देऊ शकतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो.

आता वारसनोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाल्याचे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम लांबते. अर्जानंतर फेरफार वहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसणे कठीण. त्यातच नाताळ व नववर्षाच्या सुट्ट्या. कुवेतवाल्याला अधिक थांबणेही परवडत नाही, कारण सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तेथील खासगी नोकरदाराचा निवास परवाना, म्हणजे इकामा, रद्द होतो. सुदैवाने ई-हक्क प्रणालीद्वारे वारसनोंदीचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो, तो परदेशातूनही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही घरबसल्या मिळतो. विमानाचे तिकीट काढण्याआधी अर्ज करावा, एवढेच आमचे सांगणे. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे मात्र नव्हे. ती महसुली नोंद आहे.

बहिणीच्या हक्कसोडीविषयी आम्ही त्या गृहस्थांशी बराच वेळ बोललो. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि पत्नी व मुले मागे असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान मिळते. मुलगा-मुलगी, विवाहित-अविवाहित असा भेद या कायद्यात नाही. म्हणजे राहनाळच्या या घरात आईचे तीन नवमांश आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी दोन नवमांश. बहिणीचा वाटा कॅनडातील भावाइतकाच. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि एकदा नोंदविल्यावर ते मागे घेणे म्हणजे न्यायालयाची पायरी चढणे. जी बहीण वडिलांच्या अखेरच्या आजारात रात्री जागली, तिने रजा संपण्यापूर्वी सही करावी म्हणून घाई करणे आम्हांला योग्य वाटले नाही व तसे आम्ही सांगितले. तिला द्यायचेच असेल तर ती स्वतः विचारून, समजून, सवडीने देईल. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. ‘आमच्याकडे मुली घेत नाहीत,’ ते म्हणाले. आम्ही विचारले, तिला कधी विचारले आहे का? विचारलेले नव्हते.

परदेशस्थांनी जमिनीबाबत आणखी काही नियम ध्यानात ठेवावेत. अनिवासी भारतीय वा ओसीआय कार्डधारक भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते, मृत्युपत्राद्वारेही. म्हणून ‘आई हयात असतानाच बक्षीसपत्र करून टाकू’ हा गावात सर्रास दिला जाणारा सल्ला परदेशी मुलाच्या बाबतीत थेट कायद्याविरुद्ध जातो. आईने मृत्युपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो: याच १९२५ च्या कायद्यानुसार, मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केल्यास ते मृत्युपत्र रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्यांनी ते पुन्हा करावे. वारसाने मिळालेली शेतजमीन परदेशस्थाला विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात कूळकायद्यानुसार घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. जमीन कागदोपत्री बिनशेती झाली आहे काय, हे आधी पाहावे. शेजारी गोदाम उभे आहे म्हणून आपला तुकडा बिनशेती ठरत नाही.

स्वतः हजर राहता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावे लागते. येथे देशादेशांत फरक आहे. कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाचा १९६१ चा हेग करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. त्यात सामील देशांत अपोस्टिल हा एकच शिक्का पुरतो. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून अमलात आला, त्यामुळे धाकट्याचे काम सोपे झाले. सौदी अरेबिया, ओमान व बहरीन करारात आहेत. कुवेत, कतार व संयुक्त अरब अमिराती नाहीत. थोरल्याला म्हणून भारतीय दूतावासातच जाऊन सही करणे भाग होते. असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुदत चुकलेली कितीतरी मुखत्यारपत्रे कपाटांत पडून आहेत. अधिकार नेमके व मोजके द्यावेत: ‘वारसनोंदीसाठी अर्ज करणे, जबाब देणे, नक्कल घेणे’ इतकेच हवे असेल तर विक्रीचा अधिकार लिहूच नये. आणि लिहून देणारा मरण पावला की मुखत्यारपत्रही सर्वसाधारणपणे संपते. त्यानंतर त्यावर केलेले व्यवहार पुढच्या पिढीला कोर्टात नेतात.

बँकेचे थोडक्यात. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. पॅन आणि आधार जोडण्याची सक्ती अनिवासींना नाही, परंतु आपण अनिवासी आहोत ही नोंद प्राप्तिकर खात्याकडे नसल्याने १ जुलै २०२३ नंतर अनेकांचे पॅन निष्क्रिय झाले. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले त्यांनी भारतीय पासपोर्ट जवळ ठेवू नये, तो रीतसर परत करावा. ओसीआय कार्ड पासपोर्ट बदलताना दर वेळी नव्याने काढण्याची अट २०२१ मध्ये शिथिल झाली आहे. वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर मिळालेल्या पहिल्या पासपोर्टनंतर एकदाच ते पुन्हा घ्यावे लागते. एरवी नव्या पासपोर्टची प्रत ऑनलाइन चढविली की पुरते.

आखातात जन्मलेल्या मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक. तेथे कितीही वर्षे काढली तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही, म्हणून मुलाचे भारतीयत्व कागदावर पक्के असणे आवश्यक. ३ डिसेंबर २००४ पासून असा नियम आहे की परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात झाली पाहिजे; त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. जन्मदाखला अरबीत असतो आणि अरबीत ‘प’ हे अक्षर नाही. पीटरचा बीटर आणि पॉलचा बॉल होऊन येतो! दाखला हाती पडताच भाषांतर तपासून घ्यावे.

त्या गृहस्थांच्या मुलीचा विवाह येथे व्हायचा आहे. तिचा स्नानसंस्कार कुवेतमध्ये झाला, म्हणून दाखला आम्ही देऊ शकत नाही. धर्मसभेच्या कायद्यानुसार दृढीकरण व विवाह यांची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदीपुढेच करावयाची असते. दाखला ताजा, सहा महिन्यांच्या आतला मागितला जातो तो यासाठीच. मुलीचे पूर्वी लग्न झालेले नाही हे त्यावरून कळते. जुनी प्रत लॅमिनेट करून आणली तरी चालत नाही. शिवाय जेथे ती वाढली तेथील धर्मगुरूंचे ती विवाहास मोकळी असल्याचे पत्र हवे. ही दोन्ही पत्रे मागवायला वेळ लागतो. तारीख व हॉल ठरवण्याआधी मागवावीत.

ते गृहस्थ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतले. हक्कसोडपत्र झाले नाही. मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र त्यांनी बहिणीच्या नावे करून पाठविले आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे जबाब तिनेच दिला. सातबारावर आता आई आणि तीन मुले अशी चार नावे आहेत. मुलीचा दाखला कुवेतहून यायचा आहे.