पासोडीच्या मापाने ऑपरेटिंग सिस्टीम

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एक कापड जपून ठेवले आहे. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट. पंचमहाभूतांपासून ही सृष्टी कशी उभी राहते, ते सांगणारे 'पंचीकरण' संतकवी दासोपंतांनी या कापडावर लिहून काढले. लोक त्याला दासोपंतांची पासोडी म्हणतात. याच दासोपंतांच्या (१५५१–१६१५) गीतार्णव या ग्रंथाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरी सुमारे ९ हजार ओव्यांची. म्हणजे एका माणसाच्या हातून जवळजवळ चौदा ज्ञानेश्वऱ्यांएवढे लेखन झाले. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे.

असा ध्यास घेतलेली माणसे आजही आहेत. त्यातली काही जण कुणी सांगितले नसताना, पैसे मिळणार नसताना, कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्या ओळीपासून स्वतः लिहितात. विंडोज किंवा अँड्रॉइड हे ज्या जातीचे काम, त्याच जातीचे. फक्त एकट्याने, नोकरी-अभ्यास सांभाळून, रात्री जागून.

हे काम केवढे, ते बीड जिल्ह्याला कळेल अशा मापाने मोजू. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत होते. ओवी आणि प्रोग्रामची ओळ या वेगळ्या गोष्टी खऱ्या, पण दोन्ही माणसाने एकेक करूनच लिहायच्या असतात. तेव्हा माप ठरले: एक सप्ताह म्हणजे ९ हजार ओळी.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, केवळ छंद म्हणून, लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली. ओळी सुमारे १० हजार. पारायणाला एक सप्ताह आणि वर एखादा दिवस पुरला असता. अमेरिकेतल्या टेरी डेव्हिस यांनी दहाएक वर्षे एकट्याने खपून 'टेंपलओएस' उभी केली. ती लिहिण्यासाठी लागणारी प्रोग्रामिंगची भाषाही त्यांनीच घडवली. गंभीर मानसिक आजार सोसत, देवाचे मंदिर बांधतो आहोत या भावनेने त्यांनी १ लाखाहून अधिक ओळी लिहिल्या. ते झाले अकरा-बारा सप्ताह. जवळपास गीतार्णवाच्या पंगतीला बसणारे काम.

आणि आजचे लिनक्स? जगभरच्या हजारो हातांनी वाढवलेल्या त्या कोडच्या ओळी आता ४ कोटींच्या घरात आहेत. आपल्या मापाने ४,४४४ सप्ताह. मध्ये एक दिवसही खंड न पडता पारायण चालले, तरी समाप्तीचा काला ८५ वर्षांनी होईल. आज जन्मलेले मूल तो प्रसाद म्हातारपणी खाईल.

हे आकडे ऐकून छाती दडपते. पण पंचीकरणाची रीत अशी की अफाट सृष्टी मोजक्या तत्त्वांपर्यंत आणून दाखवायची. ऑपरेटिंग सिस्टीमलाही तीच रीत लागू पडते. तिचीही पंचमहाभूते आहेत: प्रोसेसर, मेमरी, घड्याळ, स्क्रीन आणि डिस्क.

प्रोसेसर घ्या. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. त्या एका सेकंदाचे ठोके आपण सेकंदाला एक या गतीने मोजायला बसलो, तर ९५ वर्षे लागतील. घड्याळ सेकंदाला, समजा, १०० वेळा मध्ये पडते, म्हणून दोन प्रोग्राम एकाच वेळी चालल्यासारखे दिसतात. त्या दोन व्यत्ययांच्या मध्ये प्रोसेसरला ३ कोटी ठोके मोकळे मिळतात.

मेमरीचा कारभार तर तलाठ्याचाच. ८ जीबी मेमरीचे ४,०९६ बाइटांचे एकेक पान पाडले, तर २०,९७,१५२ पाने होतात. कोणते पान कुणाच्या ताब्यात आणि कोणते पडीक, याचा सातबारा ऑपरेटिंग सिस्टीमला ठेवावा लागतो. पानामागे 'रिकामे की भरलेले' एवढीच नोंद केली, तर सगळे दप्तर २५६ केबीत मावते. म्हणजे जमिनीच्या बत्तीस हजाराव्या हिश्श्यात.

स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला ६० चित्रे. सेकंदाला ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार बाइटांची रंगरंगोटी!

त्या स्क्रीनवर मराठी दाखवायची तर अक्षरही हातानेच काढावे लागते. ८ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच अशी चौकट घ्या. शिरोरेघेच्या ओळीत आठही ठिपके पेटलेले, त्या ओळीचा आकडा २५५. उजव्या कडेचा काना म्हणजे एकाखाली एक १, १, १. अशा सोळा आकड्यांत एक अक्षर उभे राहते. पुढे रफार येतो. 'अर्क' लिहिताना र आधी टाइप होतो आणि बसतो क च्या डोक्यावर. ही गोष्ट यंत्राला उपजत ठाऊक नसते, कुणीतरी ती शिकवावी लागते. आपल्या लिपीचे बारकावे अशा वेळी जितके कळतात, तितके आयुष्यभर ती लिहूनही कळत नाहीत.

सुरुवात मात्र अगदी लहान असते. जुन्या पद्धतीचा, बायोसवर (यंत्रातच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामवर) चालणारा पीसी सुरू झाला की डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलतो आणि मेमरीत ३१,७४४ क्रमांकाच्या पत्त्यावर ठेवतो. शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० असले, की त्याला ओळख पटते आणि सगळा ताबा तुमच्या हाती येतो. उरतात ५१० बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे १७० चिन्हे, जेमतेम तीनेक ओव्यांची जागा.

तेवढ्यातही भागते. १८०, १४: एक अक्षर छापायचे आहे. १७६, ६५: ते अक्षर इंग्रजी 'ए'. २०५, १६: बायोसला हाक. २३५, २५४: आता इथेच घुटमळत राहा. हे आठ आकडे, त्यामागे ५०२ शून्ये, शेवटी ८५ आणि १७०. बेरीज ५१२. त्या काळ्या पडद्यावर उमटणारे अक्षर विंडोजचे नसते, लिनक्सचेही नसते. ते तुमचे असते.

म्हणून अंबाजोगाई, परळी, केज, आष्टीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे. क्यूएमू हा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर खोटा कॉम्प्युटर उभा करतो. त्यात कितीही चुका करा, खरे यंत्र बिघडत नाही. ४ कोटींकडे पाहून बिचकू नका. तेवढ्या ओळी लिहून तुम्हाला काही सिद्ध करायचे नाही. पण स्वतः लिहिलेल्या हजार ओळींतला धागा न् धागा ओळखीचा असतो, आणि ते ज्ञान विकत मिळत नाही. सव्वा लाख ओव्यांचीही सुरुवात एकाच ओवीने झाली होती. तुमच्या पहिल्या ओवीचे आकडे वर दिले आहेत. आज रात्री लिहून पाहा.